उजव्या खांद्याचा गूळ

जून उजाडला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. इस्लामपूरच्या ज्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते, तिथं प्रवेशाचं टेबल दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. टेबलावर अर्जांचा गठ्ठा, समोर बाक, बाकावर घामाघूम झालेले पालक आणि त्यांच्या आड लपलेली मुलगी. अर्जाच्या दुसऱ्या पानावर विषयांचे रकाने असतात. कला शाखेच्या रकान्यात मराठी, इतिहास, भूगोल अशा ओळखीच्या मंडळींत एक नाव असतं, 'इंग्रजी साहित्य'. साधी इंग्रजी सगळ्यांनाच सक्तीची. ही दुसरी मात्र ज्याची त्यानं मागून घ्यायची असते.

पालकांचं बोट तिथं येऊन अडतं. "मॅडम, ही आणि कसली इंग्रजी? एकीनं भागत न्हाई व्हय?"

मी समजावून सांगते. हिच्यात गोष्टी असतात, कविता असतात, नाटक असतं, पुढं काय काय करता येतं. ते मान डोलावतात आणि मग ते वाक्य बोलतात, जे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. "आमाला काय कळतंय? तुमीच करा टिक."

मी पेन उचलून मुलीच्या पुढ्यात आपटते. "तिला विचारा. शिकायचंय तिला." आवाज चढलेला असतो. स्टाफरूममध्ये मला खडूस म्हणतात, म्हणोत. दुसऱ्याच्या बोटानं टिक केलेल्या रकान्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे. आणि मुलीनं सगळ्यांच्या नकळत स्वतःच टिक करून ठेवली तर काय होतं, तेही ठाऊक आहे. ते जास्त वाईट असतं.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, आटपाडीच्या बाजूला. आम्ही मेंढरंवाले. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, चांगला मोठा कळप होता. दिवाळी झाली की ते कळप घेऊन उंब्रज-कराडच्या बाजूला उतरायचे. तिकडचे बागायतदार आपल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी. पावसाच्या तोंडाला आप्पा परत यायचे. आई, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी बहीण गावात राहायचो, कारण आम्हा दोघींची शाळा. आई आपली खडकाळ जमीन कसायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "योजनेचं पाणी येऊ दे, डाळिंब लावणार हाय मी."

आमच्या रानात बोरीखाली बिरोबा आहे. गुडघ्याएवढा दगड, पण त्याला डोकं आणि दोन खांदे असल्यासारखा आकार आहे. आप्पा कुठलीही मोठी गोष्ट त्याला विचारल्याशिवाय करत नसत. कळप कुठल्या वाटेनं उतरवायचा, विहीर कुठं खणायची, माझ्या मावशीला आलेलं स्थळ घ्यायचं का, सगळ्याला कौल. देवाला आंघोळ घालायची, भंडारा लावायचा, मग कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून दोन खांद्यांना चिकटवायच्या. प्रश्न मोठ्यानं विचारायचा आणि गप्प बसायचं. पाणी सुकत आलं की एक कळी आधी सुटते. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकदा विचारलेला प्रश्न पुन्हा विचारायचा नाही.

दर रविवारी देव धुवायचं काम माझं होतं. तिसरी-चौथीत असल्यापासून. माझ्या हाताला गुण आहे असं आप्पा म्हणायचे. कशावरून म्हणायचे कोण जाणे, पण मला ते खरं वाटायचं.

सातवीपर्यंत मी वर्गात पहिली. माझा पहिला नंबर हा आमच्या घरातला एक डागिनाच होता, आई तो कुणालाही काढून दाखवायची. सातवीच्या निकालाला आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी आप्पांना थांबवून घेतलं. मॅडम मूळच्या साताऱ्याच्या, बोलणं शहरातलं. त्या म्हणाल्या, "आठवीला हिला 'अ' तुकडीत घाला. सेमी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. हिला झेपेल."

आप्पा घरी येईपर्यंत फुलून गेले होते. "मास्तरीण सोता म्हनली! इंग्रजी झेपंल म्हनली आपल्या पोरीला." त्यांना स्वतःला सही करण्यापुरतं येत होतं. कळप घेऊन फिरताना बागायतदारांची पोरं इंग्रजीत अभ्यास करताना त्यांनी ओसरीवर पाहिलेली. ते बघून त्यांना काय वाटत होतं ते त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

आणि मला भीती वाटली. इंग्रजीची नाही, खोटं कशाला बोलू. 'अ' तुकडीत बँकेतल्या साहेबांची मुलगी जाणार होती, डॉक्टरांची दोन मुलं जाणार होती, शिक्षकांची पोरं तर सगळीच. त्यांच्यात माझा नंबर पाचवा आला असता, सातवा आला असता. 'ब' तुकडीत मात्र पहिला कुठं जात नव्हता. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात ना, मला लंगडी गाय राहायचं होतं. आज हे लिहिताना माझा मलाच संताप येतो, पण बारा-तेरा वर्षांच्या त्या पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं हे खरं.

आप्पांना तोंडावर नाही म्हणायची माझी टाप नव्हती. पण आप्पा फॉर्मवर सही करण्याआधी कौल लावणार, हे मला माहीत होतं. आणि देव धुणार होते मी.

त्या रविवारी मी उजाडताच रानात गेले. नैवेद्याचा गुळाचा खडा ओंजळीत घेतला, चार थेंब पाण्यात चुरला आणि ती चिकट पेस्ट देवाच्या उजव्या खांद्याला चोळली. वरून भंडारा फासला. दिसायला दोन्ही खांदे सारखेच पिवळे. हात थांबला नाही. बिरोबाच्या तोंडाकडे मात्र बघितलं नाही.

थोड्या वेळानं आप्पा, आई आणि धाकटी आले. आप्पांनी कळ्या लावल्या. मेंढरांच्या केसांनी आणि काठीनं त्यांची बोटं इतकी राठ झाली होती की त्यांना चिकटपणा जाणवला नाही. ते हात जोडून म्हणाले, "थोरलीला इंग्रजी तुकडीत घालू का, देवा?"

आम्ही बसलो. ऊन बोरीतून खाली उतरत होतं. बऱ्याच वेळानं डावी कळी टपकन पडली.

आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. देवाला पुढचं दिसतं." आप्पांनी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला होता आणि मला एकदम रडू येईल असं वाटायला लागलं. पण तोवर मला वाटत होतं की झालं ते एवढंच आहे. एवढं मी पचवलं असतं.

मग आप्पा म्हणाले, "आलोच हाय तर मेंढरांचंबी इचारून टाकू."

गेले वर्षभर आईचं टुमणं चाललं होतं, कळप विका, गुडघा दुखतोय, आता घरी राहा. पलुसकडचा एक पाहुणा कळप घ्यायला तयार होता आणि निरोपावर निरोप पाठवत होता. आप्पा प्रत्येक वेळी "देवाला इचारतो" म्हणून टाळायचे. देव काय म्हणणार याची त्यांना खात्रीच होती. त्या दिवशीही ते हसत आईला म्हणाले, "मेंढरांचा देव मेंढरं इक म्हनंल व्हय?"

दोन प्रश्नांच्या मधे देव पुन्हा धुवायचा असतो. मी तांब्या घेऊन उठले. अक्षरशः उडी मारून उठले. "आप्पा, थांबा, देव धुते."

"ऱ्हाऊ दे गं," आप्पा म्हणाले. "आत्ताच धुतलाय न्हवं. ऊन लय चढलंय. आन हिकडं कळ्या."

तिथंच मी बोलायला हवं होतं. आप्पा, उजव्या खांद्याला गूळ आहे. पाच शब्द. तांब्या एका हातात धरून मी उभी राहिले आणि दुसऱ्या हातानं कळ्या पुढं केल्या.

आप्पांनी नव्या कळ्या लावल्या. "मेंढरं ठेवू का, देवा?"

डावी पडली.

उजवी तशीच चिकटून राहिली, तासभर. आई म्हणाली, "उजवी हालंना की." आप्पांनी पुन्हा हात जोडले. मग उठले, टोपी झटकली आणि मागं न बघता घराकडे चालू लागले. दुसऱ्या दिवशी मी रानात गेले तर देवाच्या उजव्या खांद्याला मुंग्यांची रांग लागली होती. मी पदराला... पदर कुठला, ओढणीला पाणी लावून तो खांदा घासघासून पुसला. आई लांबून विचारत होती, "काय करतीस गं?" मी म्हटलं, "मुंग्या लागल्यात." आई म्हणाली, "लागू दे की. त्याबी देवाच्याच."

आठवड्याभरात पाहुणा टेम्पो घेऊन आला. पण मेंढरं टेम्पोत चढेनात आणि त्याच्या मागंही जाईनात. शेवटी त्याला म्हणावं लागलं, "दाजी, तुमीच चला पुढं." अनोळखी माणसाच्या मागं कळप जात नाही. आप्पा काठी घेऊन पुढं झाले, तोंडानं ओळखीचा आवाज काढला, आणि सगळा कळप त्यांच्या मागं निघाला. विकलेली मेंढरं त्यांनी स्वतःच पुढच्या मुक्कामापर्यंत पोचवली. तिसऱ्या दिवशी ते एकटे परत आले. काठी भिंतीला टेकवून ठेवली ती आजही तिथंच आहे.

त्यानंतर आप्पांचं जे झालं ते मला बघवत नव्हतं. जन्मभर पायाला भिंगरी असलेला माणूस, तो घरात कसा राहणार? पहाटे उठायचे आणि चालत हमरस्त्यापर्यंत जायचे, तिथून परत. दुपारी पुन्हा. कशाला गेला होता विचारलं तर म्हणायचे, "असंच." दिवाळी झाली की दारात उभे राहून पश्चिमेकडं बघायचे. डाळिंबाची रोपं आली, पाणी आलं, आई खूश होती. आप्पा खड्डे खणायचे, पण चार खड्डे झाले की कुदळ टाकून चालायला निघायचे. कुणी कळपाचा विषय काढला तर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "देवानं सांगितलं. मंग आपलं काय चालतंय?"

ते वाक्य म्हणजे त्यांची काठीच झाली होती. त्याच्यावर भार देऊन ते उभे होते. आणि ती काठी खोटी आहे हे या जगात फक्त मला माहीत होतं.

शाळेत 'ब' तुकडीत माझा पहिला नंबर आला. सहामाहीला आला, वार्षिकला आला. मला त्याची चवच लागेना. शेजारच्या खोलीत 'अ' तुकडी होती आणि मधे प्लायवूडची भिंत, ती छतापर्यंत पोचत नव्हती. इंग्रजी विषय दोन्ही तुकड्यांना एकच, पुस्तक एकच, मॅडमही त्याच. पण आमच्याकडे त्या प्रत्येक ओळीचं मराठी सांगायच्या, कारण पोरं ओरडायची. तिकडं त्या सरळ वाचत जायच्या. आमचा मराठीतून गणिताचा तास चालू असायचा आणि भिंतीवरून त्यांचा आवाज यायचा, न थांबता, अर्थ न सांगता. एकदा त्या पुस्तकाबाहेरची एक गोष्ट वाचत होत्या. बोटीवरच्या एका म्हाताऱ्या स्वयंपाक्याची. अर्धं कळत होतं, अर्धं नव्हतं. तो म्हातारा एक पेटी पाण्यात टाकायला निघाला आणि घंटा झाली.

दोन दिवस मला झोप लागेना. पेटीत काय होतं? शेवटी मधल्या सुट्टीत बँकवाल्या साहेबांच्या मुलीला गाठलं. ती डबा खाता खाता म्हणाली, "काय माहीत. परीक्षेला नाहीये ते."

मला असा राग आला! ज्या जागेवर मी असायला हवं होतं तिथं बसून ही पोरगी परीक्षेला नाही म्हणते! आणि मग आठवलं की तिला तिथं कुणी बसवलं नव्हतं, मला तिथून मीच उठवलं होतं. मॅडमकडं जाऊन ते पुस्तक मागितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पुस्तकाबरोबर आपली जुनी डिक्शनरीही दिली. पंधरा पानं वाचायला मला तीन आठवडे लागले. पेटीत त्याच्या बायकोची पत्रं होती. एवढं कळलं तेव्हा मी गोठ्याच्या मागं बसून रडले, म्हाताऱ्यासाठी की कुणासाठी ते सांगता येणार नाही.

मग मॅडम एकामागून एक पुस्तकं देत गेल्या. दहावीच्या शेवटी त्या म्हणाल्या, "अकरावीला आर्ट्स घे आणि इंग्रजी साहित्य माग. इस्लामपूरला आहे. मुलींचं वसतिगृहही आहे. सेमीत नव्हतीस म्हणून काही अडत नाही." हे ऐकलं आणि मला इतका आनंद झाला की घरापर्यंतचं अंतर मी पळतच गेले. घर जवळ आलं तसे पाय जड झाले.

त्या जूनमध्ये खाटेवर दोन फॉर्म शेजारी शेजारी पडले होते. एक माझा, अकरावीचा. एक धाकटीचा, आठवीचा, ज्याच्यावर 'अ' की 'ब' ते लिहायचं होतं. धाकटी माझ्याहून हुशार. तिला पहिल्या नंबराशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं गल्लीतल्या एका मुलाचं जुनं इंग्रजी गणिताचं पुस्तक आणून मे महिन्यातच निम्मं सोडवलं होतं.

आप्पांनी दोन्ही फॉर्म हातात घेतले, उलटे सुलटे केले आणि परत ठेवले. मला म्हणाले, "सक्तीची हाय ती इंग्रजी शिक. मागून कशाला घ्यायाची? देवानं न्हाई म्हटलंय तुला." मग धाकटीला म्हणाले, "तूबी 'ब'लाच जा. घराला इंग्रजी लाभत न्हाई."

धाकटी उसळली. "माझा कौल कुठं लावलाय? माझा माझा लावा की."

"एका घराला एका गोष्टीचे दोन कौल नसत्यात."

"मंग हिच्यामुळं मला का?" तिनं माझ्याकडं बोट केलं. "हिला न्हाई म्हटलं तर मला का न्हाई? हिच्यामुळं सगळं!"

आई तिला ओरडली, थोरल्या बहिणीला असं बोलतात का. ती किती खरं बोलत होती हे तिलाही माहीत नव्हतं.

दोन्ही फॉर्म सोमवारी शाळेत द्यायचे होते, माझा मॅडम पुढं इस्लामपूरला पाठवणार होत्या. शुक्रवार, शनिवार, रविवार. त्या तीन दिवसांत माझा पाय एका जागी ठरला नाही. भाकरी थापायला बसले तर भाकरी करपली, पाणी आणायला गेले तर कळशी तशीच विसरून आले. माझं एकटीचं असतं तर मी गप्प बसले असते. मान्य करते, बसले असते. मराठी साहित्य घेतलं असतं, तेही मला आवडायचं, आणि वाटलं असतं फेडलं. पण धाकटीनं ते गणिताचं पुस्तक परत करायला म्हणून दप्तरातून काढलं आणि कव्हर नीट पुसून बाजूला ठेवलं. भांडली नाही, रडली नाही. तिनं मान्य करून टाकलं. ते मला सहन झालं नाही.

खरं सांगावं तर आप्पांची काठी काढून घ्यायची. न सांगावं तर धाकटीचं आयुष्य माझ्या गुळात चिकटून राहायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चालून चालून मीही हमरस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. आप्पांसारखीच.

रविवारी सकाळी देव धुतला आणि तशीच डाळिंबाच्या बागेत गेले. आप्पा उकिडवे बसून ठिबकची फुटलेली नळी जोडत होते. मी त्यांच्यासमोर मातीत बसले. पायाखालची ढेकळं फोडत राहिले. मग एका दमात बोलले.

"आप्पा, माझ्या कौलाला मी गूळ लावला हुता."

नळी त्यांच्या हातातच राहिली. "कसला गूळ?"

"देवाला. आठवीच्या वक्ताला. मला 'अ'ला जायाचं न्हवतं. नंबर जाईल म्हणून. देवानं न्हाई म्हटलं न्हवतं. मी म्हटलं हुतं."

आप्पांनी मान वर केली. ते मारतील असं मला वाटलं. मारावं असंही वाटलं. त्यांनी नळीचं एक टोक दुसऱ्यात सरकवलं, ते बसेना, पुन्हा काढलं.

"कुठल्या खांद्याला?"

"उजव्या."

त्यांचे हात थांबले. मला दिसत होतं, त्यांच्या डोळ्यांपुढं ती सकाळ पुन्हा उभी राहत होती. पहिल्या कळ्या, डावी पडली. दुसऱ्या कळ्या. त्यांची नजर माझ्यावरून निघाली आणि बागेपलीकडं, बोरीपलीकडं, पश्चिमेला गेली. उंब्रजच्या वाटेला. तोंड किंचित उघडं राहिलं होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा कधी बघायचंही नाही मला.

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. माझ्यानं हललं जाईना.

मग त्यांनी घसा खाकरला. माझ्याकडं न बघता, अगदी सावकाश म्हणाले, "मेंढरांचं इचारायच्या आदी... मदी देव धुतला हुता आपण."

ऊन लय चढलंय, ऱ्हाऊ दे, असं त्यांनी म्हटलेलं माझ्या कानात अजून होतं. त्यांच्याही असणार. मी तांब्या घेऊन उभी होते आणि ते बोलले होते, त्यांच्याच तोंडानं.

"धुतला हुता न्हवं?" आता त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"व्हय," मी म्हटलं. "धुतला हुता."

त्यांनी श्वास सोडला. नळी या खेपेला नीट बसली. हात मातीनं भरलेले, ते त्यांनी धोतराला पुसले आणि म्हणाले, "आन ते कागद. दोन्ही."

मी घरी पळत गेले. परत आले तेव्हा ते बांधावर बसले होते. मांडीवर मी आणलेली माझी जुनी पाटी घेतली, तिच्यावर फॉर्म ठेवला आणि एकेक अक्षर कोरून सही केली, माझ्या फॉर्मवर आणि धाकटीच्या फॉर्मवर. 'अ' की 'ब' ते मला लिहायला लावलं. "नीट लिही," एवढंच म्हणाले. दोन्ही कागदांच्या कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याची माती लागली. सोमवारी शाळेच्या क्लार्कनं ती बघून नाक मुरडलं आणि मी त्याच्याशी भांडले.

धाकटी 'अ'त गेली. तिथं तिचा नंबर नववा आला आणि ती नाचत घरी आली. आता ती पुण्यात नोकरी करते. माझं काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलंय. गुळाची गोष्ट आप्पांनी आईला सांगितली नाही, धाकटीलाही नाही. मेंढरांबद्दल कुणी विचारलं तर अजून तेच म्हणतात, देवानं सांगितलं. म्हणताना माझ्याकडं बघत नाहीत.

त्या दिवसानंतर त्यांनी कधी कौल लावला नाही. आणि देव धुवायचं काम माझ्याकडून काढून स्वतःकडं घेतलं. मी रविवारी गावी गेले की बघते. आप्पा गुडघा धरून खाली बसतात, तांब्याभर पाणी ओततात आणि हातानं घासायला लागतात. आधी उजवा खांदा. तो बराच वेळ घासतात. मग बाकीचा देव.